यंत्र दूध मोजते की दुधाचा अंदाज बांधते?

प्रश्न : प्रयोगशाळेतील यंत्रात गाईच्या दुधाचा नमुना ठेवला की मिनिटाच्या आत फॅट, प्रथिने आणि लॅक्टोज (दुधातील साखर) यांचे आकडे मिळतात. दुधात कोणतेही रसायन न मिसळता केवळ अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी हे साधते, असे सांगितले जाते. हे यंत्र नेमके काय मोजते आणि त्याच्या आकड्यांवर कितपत विसंबावे?

उत्तर : यंत्र प्रत्यक्षात एकच गोष्ट मोजते. दुधाच्या सुमारे 50 मायक्रोमीटर जाडीच्या थरातून अवरक्त किरण पार होताना कोणत्या तरंगसंख्येला (म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या तरंगांच्या संख्येला) किती शोषले गेले, एवढेच ते नोंदवते. फॅटचा किंवा प्रथिनांचा आकडा हा त्या नोंदीवरून बांधलेला अंदाज असतो. तो बहुधा फार चांगला असतो, पण अंदाजच असतो, आणि ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सारे समजणे सोपे जाते.

रेणूंतील प्रत्येक प्रकारचा बंध ठरावीक वारंवारतेने कंप पावतो आणि त्याच वारंवारतेचे किरण शोषून घेतो. स्निग्ध पदार्थांतील एस्टर बंध दर सेंटिमीटरला सुमारे 1745 तरंगांपाशी आपली खूण उमटवतात, तर त्यांच्या लांब कार्बन-साखळ्या 2850 ते 2930 च्या दरम्यान दिसतात. लॅक्टोजची ओळख 1050 च्या आसपास पटते. प्रथिनांतील पेप्टाइड बंधांच्या दोन ठळक खुणा 1650 आणि 1550 जवळ असतात. मात्र दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते आणि पाणी स्वतः 1640 जवळ इतके शोषते की पहिली खूण त्याखाली दडून जाते. त्यामुळे प्रथिनांसाठी मुख्यतः 1550 जवळच्या खुणेवर भिस्त ठेवावी लागते. याशिवाय दुधातील मेदकण प्रकाश विखुरतात. म्हणून नमुना सुमारे 40 अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करून, यंत्रातच होमोजिनायझरने कण बारीक करून मग मोजला जातो. नमुना नीट ढवळला नसेल, साय वर आली असेल किंवा होमोजिनायझर झिजला असेल, तर पुढचे गणित कितीही अचूक असले तरी उत्तर चुकते.

आता त्या गणिताविषयी. वर्णपटातील, म्हणजे प्रत्येक तरंगसंख्येला किती शोषले गेले या नोंदीतील, शेकडो आकड्यांवरून फॅटचा एक आकडा काढायचा, तर आधी अनेक नमुन्यांचे वर्णपट आणि त्याच नमुन्यांचे रासायनिक विश्लेषण शेजारी शेजारी ठेवून समीकरण तयार करावे लागते. यालाच अंशशोधन किंवा कॅलिब्रेशन म्हणतात. फॅटसाठी रोझ-गॉटलीब आणि प्रथिनांसाठी केल्डाल या जुन्या, वेळखाऊ पद्धतीच येथे प्रमाण मानल्या जातात. म्हणजे नवे यंत्र जुन्या पद्धतीला निवृत्त करीत नाही, तर तिच्याच आधारावर उभे राहते, आणि त्या मूळ विश्लेषणातील चूक समीकरणातही उतरते.

केल्डाल पद्धत प्रथिने नव्हे, तर नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.38 ने गुणते. दुधातील नायट्रोजनचा साधारण विसावा भाग युरियासारख्या प्रथिनेतर पदार्थांचा असतो. अवरक्त किरणांना मात्र पेप्टाइड बंध दिसतो, नुसता नायट्रोजन नव्हे. एकूण नायट्रोजनवर बेतलेले समीकरण हा विसावा भाग जवळपास स्थिर राहील असे गृहीत धरते. चारा-खुराक बदलून युरिया वाढला की ते गृहीतक डळमळते. चीनमध्ये 2008 मध्ये उघडकीस आलेल्या भेसळीत वजनाने दोन-तृतीयांश नायट्रोजन असलेले मेलामाइन हे औद्योगिक रसायन दुधात मिसळले गेले होते, ते नायट्रोजनवर आधारलेल्या चाचणीला चकवण्यासाठीच. त्या प्रकरणात लहान मुलांचे जीव गेले; म्हणूनच कोणती पद्धत नेमके काय पाहते, हा प्रश्न मला केवळ तांत्रिक वाटत नाही.

कितपत विसंबावे, हे समीकरण कसे तपासले यावर अवलंबून आहे. ज्या कळपांतील गाईंच्या दुधावर समीकरण बेतले, त्याच कळपांच्या इतर नमुन्यांवर ते तपासले तर निकाल हमखास देखणा येतो, कारण जात, आहार, ऋतू आणि दुभत्या काळाचा टप्पा सारखाच असतो. समीकरण बनवताना पूर्ण वगळलेल्या कळपावर ते टिकले, तरच त्याला अर्थ आहे. फॅट, प्रथिने आणि लॅक्टोज यांची समीकरणे या कसोटीवर चांगली उतरतात. अट एवढीच, की घटकांचे प्रमाण आधीच माहीत असलेल्या नमुन्यांवर ठरावीक काळाने यंत्र पडताळले पाहिजे.

प्रश्न : याच वर्णपटावरून मेदाम्ले (फॅटचे घटक असलेली फॅटी ॲसिड्स), कॅल्शियम आणि गाईच्या आजाराची चाहूलही समजते, असे वाचले. ते खरे आहे का?

उत्तर : काही अंशी खरे आहे, पण येथे अधिक सावध राहायला हवे. 100 ग्रॅम दुधात संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्ले किती, याचा अंदाज चांगला येतो. परंतु फॅट जास्त असले की संपृक्त मेदाम्लेही जास्त असतात, त्यामुळे समीकरण बऱ्याच अंशी एकूण फॅटच पुन्हा सांगत असते. एकूण फॅटमध्ये त्या मेदाम्लांचा वाटा किती, असे विचारले की अचूकता घटते. मी तरी कोणत्याही समीकरणाला हा दुसरा प्रश्न आधी विचारीन.

सुट्या कॅल्शियम आयनाला अवरक्त किरणांत स्वतःची खूण नसते. दुधातील सुमारे दोन-तृतीयांश कॅल्शियम केसीन या दुधातील मुख्य प्रथिनाच्या कणांशी बांधलेले असते, आणि या संबंधामुळेच त्याचा मध्यम प्रतीचा अंदाज बांधता येतो. कीटोसिस या, ऊर्जेच्या तुटीमुळे गाईला होणाऱ्या आजारात दुधातील ॲसिटोन आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ही द्रव्ये वाढतात, पण त्यांचे प्रमाण फारच अल्प असते. कळपातील कोणत्या गाईंकडे आधी लक्ष द्यावे हे ठरवण्यासाठी असा अंदाज उपयोगी आहे. एखाद्या गाईचे निदान मात्र रक्ततपासणीनेच व्हावे.

प्रश्न : एका यंत्रावर तयार केलेले समीकरण दुसऱ्या यंत्रात तसेच वापरता येईल का?

उत्तर : तसेच वापरू नये. दुधाचा थर धरणाऱ्या कक्षाची जाडी झिजेने बदलते, दोन यंत्रांचे संवेदकही तंतोतंत सारखे नसतात, आणि त्यामुळे एकाच दुधाचे वर्णपट थोडे वेगळे येतात. तेच नमुने दोन्ही यंत्रांवर मोजून, एकाचा वर्णपट दुसऱ्याशी जुळवून घेतल्यावरच समीकरण लावावे आणि यंत्राचा कोणताही भाग बदलल्यास ही जुळवणी पुन्हा करावी.