येशूनं एकदाच प्राण दिला, तर ख्रिस्ती लोक आजही क्षमा का मागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ख्रिस्ताच्या एका बलिदानानं पापाचा कायमचा निकाल लागला असं ख्रिस्ती लोक मानतात, मग त्यांच्या हातून पुन्हा पाप का होतं, दर रविवारी ते क्षमा कशाला मागतात, आणि मुळात एकाच्या मरणानं दुसऱ्याचं पाप जाईलच कसं? मी ख्रिस्ती आहे, चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवते. मुलंही हेच विचारतात, फक्त इतक्या सभ्यपणे नाही.

सुरुवात क्रूसाच्या कितीतरी आधीपासून करावी लागेल. बायबलच्या जुन्या करारात, म्हणजे ख्रिस्ताआधीच्या भागात, लेवीय या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. सातव्या महिन्याचा दहावा दिवस. मुख्य याजक स्नान करतो आणि साधी तागाची वस्त्रं घालतो. आधी स्वतःच्या आणि आपल्या घराण्याच्या पापासाठी गोऱ्हा कापतो, कारण तोही पापीच. मग जळते निखारे आणि धूप घेऊन निवासमंडपात, म्हणजे उपासनेच्या तंबूत, पडद्याच्या आत, परमपवित्रस्थानात जातो. धुरानं दयासन, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या कराराच्या कोशाचं झाकण, झाकलं गेलं पाहिजे, नाहीतर तो मरेल. तिथं बोटानं रक्त शिंपडायचं, सात वेळा. लोकांसाठी दोन बकरे असतात. कोणता कापायचा नि कोणता जिवंत ठेवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. जिवंत बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून याजक सगळ्या लोकांची पापं कबूल करतो आणि मग एक माणूस त्या बकऱ्याला रानात नेऊन सोडतो.

हे वाचताना अंगावर येतं, आणि यावं अशीच त्याची रचना असावी. पाप म्हणजे 'सॉरी' म्हणून मिटणारी चूक नव्हे, त्याची किंमत जीव आहे, हे त्या लोकांना डोळ्यांसमोर दिसत होतं. पण पुढच्या वर्षी त्याच दिवशी हे सगळं पुन्हा करायचं. त्याच्या पुढच्या वर्षीही.

नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र नेमकं यावरच बोट ठेवतं. (ते कुणी लिहिलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही.) लेखकाचा युक्तिवाद सरळ आहे: या यज्ञांनी पाप खरोखर गेलं असतं तर यज्ञ थांबले नसते का? दरवर्षी करावे लागतात म्हणजे उलट ते पापाची आठवणच करून देतात. बैलाबकऱ्यांच्या रक्तानं पाप दूर होणं शक्यच नाही, असं तो स्वच्छ सांगतो. आणि मग एक तपशील येतो, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. याजक रोज उभा राहून तेच ते यज्ञ करत राहतो. ख्रिस्त मात्र एकच यज्ञ अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. निवासमंडपातलं सामान आठवून पाहा: भाकरींचं मेज, दीपवृक्ष, धूपवेदी, पडद्याआड कराराचा कोश. याजकाला टेकायला जागा कुठेच नाही. (दयासन हे कोशाचं झाकण, तिथं बसायची कुणाची छाती!) त्याचं काम संपतच नव्हतं. ख्रिस्त बसला तो काम संपलं म्हणून.

शिवाय इथं याजकही तोच आणि बळीही तोच. बकऱ्याला कुणी विचारत नाही. ख्रिस्तानं अटकेआधी गेथशेमाने बागेत 'हा (दुःखाचा) प्याला टळो' अशी विनवणी केली, घाबरला, आणि तरीही स्वतःहून पुढं गेला.

आता एकाच्या मरणानं दुसऱ्याचं पाप कसं जातं ते. तुमचा आक्षेप रास्त आहे. चिडलेल्या देवानं भलत्याच निरपराध माणसाला शिक्षा दिली, असं चित्र असेल तर तो अन्यायच. काही उपदेशक ते तसंच रंगवतात, मला ते अजिबात पटत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत ख्रिस्त हा कुणी बाहेरचा तिसरा माणूस नाही, देवच मनुष्य झाला आहे. कुणाचे उसने पैसे माफ केले की ते पैसे हवेत विरत नाहीत, माफ करणाऱ्याच्या खिशाला तेवढी झळ बसते. क्रूसावर ती झळ देवानं स्वतः सोसली. हे नेमकं कसं घडलं याबद्दल मात्र सगळ्या चर्चेसचं मिळून एकच स्पष्टीकरण कधी ठरलेलं नाही. 11व्या शतकाच्या शेवटी अन्सेल्म या धर्मपंडितानं देवाच्या मानाची भरपाई ही कल्पना मांडली, नंतरच्या प्रोटेस्टंट सुधारकांनी शिक्षा आपल्या जागी भोगण्यावर भर दिला, तर पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेचा जोर मृत्यूवरच्या विजयावर आहे.

मग दर रविवारची क्षमायाचना? तो नवा यज्ञ नव्हे. जे एकदा मिळवून ठेवलंय त्याच्या आधारावरच आम्ही मागतो. योहानाच्या पहिल्या पत्रात पापं कबूल करायला सांगितलंय तेही श्रद्धावंतांनाच. दोष मिटला तरी खोड एका दिवसात जात नाही. 'मग खुशाल पाप करा, क्षमा आहेच' हा टोमणा नवा नाही. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल स्वतःच तो प्रश्न काढतो आणि झटकून टाकतो.

कॅथलिक मिस्साविषयी (भाकर आणि द्राक्षारसाची त्यांची मुख्य उपासना) तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी काढेलच. 1562 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं सांगितलं की मिस्सात तोच ख्रिस्त रक्त न सांडता अर्पिला जातो, क्रूसाहून निराळं बलिदान होत नाही. प्रोटेस्टंटांना हेही मान्य नाही. वाद मोठा आहे, पण क्रूसावरचं मरण एकदाच घडलं, त्याला पुरवणी नाही, यावर दोघांचं दुमत नाही.

आणि हे ख्रिस्ती उत्तर आहे, एवढं लक्षात ठेवा. इ.स. 70 साली रोमी सैन्यानं यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि तिथले यज्ञ थांबले. ज्यू लोक प्रायश्चित्ताचा दिवस आजही पाळतात, उपास, प्रार्थना आणि पश्चात्ताप करून. त्यांचं उत्तर त्यांच्याकडूनच ऐकलेलं बरं.

वाचायचं असेल तर आधी लेवीय 16 वाचा आणि मगच इब्री 9 आणि 10. उलट क्रमानं वाचलंत तर 'एकदाच' यावर तो लेखक इतका अडून का बसलाय, हे लक्षात येणार नाही.