वाचक विचारतात : जुन्या ट्रॅक्टरचा लोडर आणि हायड्रोलिक

प्रश्न : वडिलांनी घेतलेल्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरला जवळच्या वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला पुढचा लोडर आहे. शेणखत भरायला उन्हाळाभर लागतो. पेरणीआधी उतरवताना मात्र चार माणसं, चेन ब्लॉक आणि अख्खा दिवस मोडतो. पिना घणाने ठोकाव्या लागतात, ऑइल सांडतं. लोडरसाठी क्रँकवर वेगळा गिअर पंप आणि वेगळी टाकी आहे. फिल्टर फ्रेमच्या मागे असल्याने हात पोचत नाही. नवीन लोडर परवडणार नाही. काय करावं? – एक वाचक, करमाळा

उत्तर : नवीन लोडर घेऊ नका, आहे तोच सुधारता येईल. पण चेन ब्लॉक वाचून काळजी वाटली. लटकत्या लोडरखाली वाकून पिन काढायची पद्धत कृपा करून यंदापासून बंद करा. साखळी निसटली तर चार माणसांच्या हातांनी तो लोखंडी सांगाडा पेलणार नाही.

लोडर स्वतःच्या पायांवर उभा राहिला पाहिजे. वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही आर्मना चौकोनी पाइपचे घडीचे पाय बसवून घ्या. म्हणजे बकेट आणि दोन पाय मिळून टेकू होतो. ट्रॅक्टरला बोल्ट केलेली फ्रेम बारा महिने तिथेच राहू द्या. ती मागच्या एक्सलपर्यंत नेलेली असावी, नाहीतर सगळा जोर क्लच हाउसिंगच्या जोडावर येतो. फ्रेमवर लोडरचे खांब बसतील अशा वरून उघड्या खाचा करून घ्या आणि प्रत्येक बाजूला एकच लॉक पिन ठेवा. वजन खाचेने उचलायचं, पिनने फक्त अडवायचं. मग पिन हाताने निघते. नवीन पिना ईएन-८ पोलादाच्या घ्या, टोकाला उतार द्या, ग्रीस लावूनच घाला.

उतरवताना जागा सपाट आणि घट्ट बघा. तुमच्याकडच्या काळ्या मातीत पाय रुततात, खाली फळ्या टाका. बकेट टेकवा, पाय सोडा, पिना काढा. मग बकेटचा लिव्हर अगदी हळू चालवला की सांगाडा थोडा हलतो आणि खांब खाचेतून मोकळे होतात. आता इंजिन बंद. दोन्ही लिव्हर पुढे-मागे करून दाब उतरवा, कपलर (होज झटकन जोडायचे-सोडायचे सांधे) सोडा, ट्रॅक्टर मागे घ्या. दोन माणसं पुरतात.

आता मुख्य गोष्ट. कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा लिव्हरचा ब्लॉक, लोडरच्या खांबावर आहे का बघा. गावठी बनावटीत बहुधा तिथेच असतो आणि पाइप पंपाजवळ सोडावे लागतात. तिथे क्विक कपलर लावून लोडर काढला तर कपलरची तोंडं आपोआप बंद होतात. क्रँकवरचा पंप मात्र इंजिनाबरोबर फिरतच राहतो. ऑइलला टाकीत परतायला वाट नाही. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्हही बहुतेक त्याच कंट्रोल ब्लॉकमध्ये असतो, म्हणजे लोडरबरोबर तोही गेलेला. अशा वेळी होज फुटतो किंवा पंप जातो. म्हणून व्हॉल्व्ह ट्रॅक्टरच्या फ्रेमवर हलवा आणि कपलर व्हॉल्व्हच्या पुढे, जॅककडे (आर्म आणि बकेट हलवणाऱ्या हायड्रोलिक सिलिंडरकडे) जाणाऱ्या चार होजना लावा. लिव्हर मध्ये असताना ऑइल व्हॉल्व्हमधून फिरून टाकीत येत राहील. पंपाचे पाइप पुन्हा कधी सोडावे लागणार नाहीत, सांडणंही थांबेल. हा एक बदल केलात तरी निम्मा त्रास गेला असं मी म्हणेन. आर्मच्या होजना एक रंग, बकेटच्या होजना दुसरा द्या. प्रत्येक जोडीत ट्रॅक्टरकडे एक नर, एक मादी कपलर ठेवा, म्हणजे उलट जोडणी होणार नाही. कपलरला टोपणं हवीतच, कारण धूळ इथूनच आत जाते. लोडर सावलीत ठेवा. उन्हाने होजमधलं अडकलेलं ऑइल फुगलं की कपलर बसत नाही. ठेवताना जॅकचे रॉड शक्य तितके आत घ्या, बाहेर राहील तेवढ्यावर ग्रीस लावा.

फिल्टरसाठी फ्रेमला भोक पाडू नका, ताकद जाते. टाकीकडे परतणाऱ्या लाइनला दाब कमी असतो, तेव्हा फिल्टरच मडगार्डजवळ, हात पोचेल तिथे आणा. टाकीतलं ऑइल सगळे जॅक आत घेऊन मोजा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, बदला. फेस येत असेल तर पातळी कमी आहे किंवा सक्शन होजची (टाकीतून पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या) क्लॅम्प ढिली आहे. १०३५ च्या मागच्या लिफ्टचा पंप गिअरबॉक्सच्या चेंबरमधल्या ऑइलवर चालतो. त्याचा या टाकीशी संबंध नाही, दोन्ही वेगवेगळी तपासा. आणि लोडर चालवताना मागे वजन लावा, पुढचा एक्सल वाचतो.

प्रश्न : होजला बारीक गळती आहे, नेमकी कुठून ते दिसत नाही. इंजिन चालू ठेवून बोटाने चाचपली तर चालेल? – एक वाचक, फलटण

उत्तर : नाही, हातमोजा घालूनही नाही. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने येणारं ऑइल कातडीतून आत शिरतं. पुठ्ठ्याचा तुकडा लांब काठीला बांधून होजवरून फिरवा, डाग पडेल तिथे गळती. मग इंजिन बंद करून, दाब उतरवून होज बदला. ऑइल हातात शिरलं असेल तर जखम टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, म्हणून लोक घरी थांबतात. थांबू नका. लगेच सर्जन असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाखालचं हायड्रोलिक ऑइल आत गेलंय असं स्पष्ट सांगा, नाहीतर वरवर पट्टी करून परत पाठवतील आणि बोट गमवायची वेळ येईल.