हिरवळीवरच्या रिसेप्शनला बँड आणि नाच ठेवलाय, वेगळा डान्स फ्लोअर लागेलच का?

हो, नाच रात्री रंगणार असेल तर लाकडी फ्लोअर घालाच. दव पडलं की गवत निसरडं होतं, टाचांच्या चपला मातीत रुततात आणि कुणाचा पाय मुरगळला तर सगळ्या आनंदावर विरजण पडतं. आकार ठरवताना एका वेळी निम्मे पाहुणे नाचतील असं धरा, माणशी साधारण ५ चौरस फूट. म्हणजे १५० पाहुण्यांना २० बाय २० फूट पुरतो. बँड मात्र फ्लोअरला लागूनच, कोरड्या उंचवट्यावर बसवा. वादक लांब असले की नाचणाऱ्यांचा उत्साह ओसरतो, हे मी अनेकदा पाहिलंय. जमीन टणक, सपाट असेल आणि कार्यक्रम उजेडीच आटोपणार असेल तर फ्लोअरचा खर्च वाचवा, फक्त आधी खडे-काटे वेचून घ्या.