आजोबांची फियाट शोमध्ये न्यायचीय, आधी रंगवू का?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांची १९६८ची फियाट डिलाइट आहे, चालू आहे, नंबर पण जुना तीन अक्षरीच आहे. व्हिंटेज कार शोमध्ये ठेवायचीय. गॅरेजवाला म्हणतोय मेटॅलिक रंग मारू, अलॉय व्हील टाकू, एसी बसवू, एकदम चकाचक. करू का? आणि ते व्हीए नंबरचं काय असतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्या गॅरेजवाल्याला आधी चहा पाजा आणि परत पाठवा! अहो, शोमध्ये जज चकाकी बघत नाहीत असं नाही, पण त्याआधी बघतात की गाडी फॅक्टरीतून आली तशी राहिलीय का. तुमच्या गाडीची सगळी मजा त्या १०८९ सीसी इंजिनात, स्टिअरिंगला असलेल्या गिअरच्या दांड्यात आणि पुढच्या सलग सीटमध्ये आहे, आणि त्या गाडीवर अलॉय-एसी म्हणजे नऊवारीवर स्पोर्ट्स शूज. जुना रंग जरा फिका पडला असेल तर नुसतं पॉलिश करा. गंज मात्र सोडू नका, फूटबोर्डाखाली आणि डिकीच्या तळाला बघा, तिथला पत्रा कुजला असेल तर नवा पत्रा वेल्ड करून घ्या, पुट्टी थापून झाकू नका. ब्रेकचे आणि पेट्रोलचे रबरी पाइप पण नवेच टाका, तिथे ओरिजिनलचा हट्ट नको, जीव महत्त्वाचा. बंपर, दिव्यांच्या काचा, हँडल असलं काही हवं असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक चक्कर मारा, तशीही ही गाडी कुर्ल्याच्याच प्रीमियरच्या कारखान्यातली, माहेरीच सामान शोधायचं.

आता व्हीए. २०२१ साली केंद्राने नियम केला, पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं होऊन गेलेली आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. म्हणजे बघा, नको ते बदल केलेत तर इथेच अडकाल. नवी नोंदणी असेल तर २० हजार रुपये फी, १० वर्षांसाठी, आणि त्यात व्हीए अक्षरं येतात, पण तुमची गाडी आधीच नोंदलेली आहे त्यामुळे जुना नंबर ठेवता येतो, तो सोडू नका, अर्धी शान त्यातच आहे. एक मेख आहे मात्र. व्हिंटेज नोंदणी झाली की गाडी रोज वापरता येत नाही, शो, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढंच. रविवारी काकूंना घेऊन नरसोबाच्या वाडीला जायचं असेल तर नेहमीची नोंदणीच बरी, दर ५ वर्षांनी नूतनीकरण करत रहा. मी तरी तेच केलं असतं, उभी करून ठेवलेली गाडी लवकर मरते.

प्रश्न : मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी घेऊन ठेवली तर ती व्हिंटेज होईल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : लगेच नाही हो. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवला नोंदली गेली आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने २०२३ला रस्त्यावरून गेली, ५० वर्षांचा हिशोब तुम्हीच लावा. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा ३० वर्षं झाली की ऐतिहासिक मानते, तरी तिथेही वाट बघावीच लागेल. शोमध्ये माया मात्र तिलाच जास्त मिळते, पद्मिनी म्हणजे आपली फियाटच की, लोक रोल्स रॉइसच्या शेजारून जाताना हळू बोलतात आणि फियाटपाशी आले की मोठ्याने आठवणी काढतात. त्यातल्या त्यात पन्नाशीच्या दशकातली, जिला आपण डुक्कर फियाट म्हणतो ती कुठे पडीक दिसली तर आधी तिच्या मालकाला गाठा.