शेजारचं वायफाय दिसतं, आपलंच दिसत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका, दापोलीजवळच्या एका वाडीत राहते. मुलाने न्यू जर्सीहून येताना त्याचा जुना लॅपटॉप मला आणून दिला. रविवारी सकाळी सहाला, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री साडेआठला, मी त्यावरून नातवंडांना मराठी वाचायला शिकवते. पावसाळा लागल्यापासून भलतंच सुरू झालंय. वीज जाऊन आली की कधीकधी आमच्या वायफायचं नावच लॅपटॉपवर येत नाही. शेजारच्यांचं येतं! माझ्या फोनवर आमचंही येतं आणि नीट चालतं. कंपनीचा मुलगा आला, त्याने रूटर बंद करून चालू केला, लगेच आलं. तो चहा पिऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुकानदार म्हणतो, वायफायचं कार्ड गेलंय, बदला. ह्यांचं म्हणणं, हा जांभ्याच्या भिंतींचा प्रताप. कोणाचं खरं? रूटरच्या पाठीचा फोटो सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, दापोली

उत्तर : बाई, कार्ड बदलू नका. निदान आठवडाभर तरी नको.

फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, आणि लॅपटॉप न्यू जर्सीहून आला हे लिहिलंत ते त्याहून बरं. लोक नेमकं हेच सांगायचं विसरतात. ‘काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडलं’ एवढ्यावर मी काय सांगणार?

आधी दोन्ही संशयितांना सोडून देऊ. कार्ड गेलं असतं तर शेजारच्यांचंही नाव दिसलं नसतं. राहता राहिल्या भिंती. जांभा जाड असतो, पावसात ओल धरतो आणि सिग्नल खातो, हे खरं. पण मग नाव दिसलं असतं आणि रेघा कमी झाल्या असत्या. शिवाय वीज जाऊन आली म्हणून भिंत काही जाड होत नाही. ह्यांना तेवढं सांगा.

वीज आल्यावर घरात बदलतं काय? रूटर नव्याने सुरू होतो आणि आपण कुठल्या चॅनलवर बोलायचं ते पुन्हा ठरवतो. तुमच्या रूटरच्या स्टिकरवर फक्त २.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय, ५ चा उल्लेख नाही. या २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनल वापरतात. अमेरिकेत सहसा ११ पर्यंतच. त्यामुळे तिकडच्या बाजारासाठी बनलेल्या पुष्कळ जुन्या लॅपटॉपांना १२ आणि १३ ऐकूच येत नाहीत. जुन्या रेडिओचा काटा पट्टीच्या टोकाला जाऊन अडायचा ना, तसं समजा. स्टेशन पुढे चालू असतं, आपला काटा तिथवर पोचत नाही. तुमचा फोन इथला, त्याला तेराही चॅनल ऐकू येतात. शेजाऱ्यांचा रूटर अकराच्या आत कुठेतरी असणार, म्हणून तो लॅपटॉपला दिसतो. आणि तुमचा रूटर ‘ऑटो’वर असणार. वीज आली की आजूबाजूला कानोसा घेतो आणि मोकळा वाटेल तो चॅनल धरतो, कधी ६, कधी १३. म्हणून तुमचं दुखणं कधीकधीचं. कंपनीच्या मुलाने बंद-चालू केल्यावर आलं, कारण रूटरने दुसरा चॅनल उचलला. त्याला वाटलं, दुरुस्त झालं.

दुकानदारावरही रागावू नका. मी हीच चूक केली आहे. सांगलीत मी एमएस-सीआयटीचे क्लास घ्यायचे आणि मागच्या खोलीत दुरुस्त्या करायचे. एक गृहस्थ असाच बाहेरून आलेला लॅपटॉप घेऊन आले, तक्रार हीच. मी कार्ड बदललं आणि वायफाय लगेच सुरू झालं. त्यांनी पेढे आणले, मी ते खाल्ले. दोनेक महिन्यांनी ते ‘गेलेलं’ कार्ड सहज म्हणून दुसऱ्या मशीनला लावलं, तर ठणठणीत! इथे घेतलेल्या नव्या कार्डाला १३ ऐकू येत होता, एवढाच काय तो फरक. त्या गृहस्थांना फोन करायचा धीर मात्र मला झाला नाही. तेव्हा तुम्ही कार्ड बदललंत तर लॅपटॉप चालेलही, पण पैसे फुकट जातील.

आता माझा अंदाज खरा का ते बघा. नाव गायब झालं की लगेच रूटर बंद करू नका, नाहीतर पुरावा जातो. फोन तुमच्याच वायफायला जोडलेला ठेवा, मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये वरच्या पट्टीत स्टिकरवर छापलेला पत्ता टाका. फोटोत मला १९२.१६८.१.१ दिसतो आहे. आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाका, मराठीतून चालत नाहीत. युजरनेम-पासवर्ड विचारेल, तोही स्टिकरवर आहे. हा पासवर्ड वेगळा आणि वायफायचा वेगळा, इथे बरेच जण अडखळतात. आत ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ असं पान सापडेल, त्यात ‘चॅनल’. समोर ऑटो लिहिलेलं असेल आणि बहुतेक रूटर शेजारी चालू आकडाही दाखवतात. तो १२ किंवा १३ असला की चोर सापडला.

मग ऑटो काढून १, ६ किंवा ११ यांतला एक निवडा आणि ‘सेव्ह’ करा. हे तीनच का? चॅनल एकमेकांपासून ५ मेगाहर्ट्झवर मांडलेत, पण प्रत्येकाचा आवाज साधारण २० मेगाहर्ट्झ पसरतो. चौथा नि पाचवा शेजारी बसले तर एकमेकांवर ओरडतात. हे तिघे तेवढे लांब लांब आहेत. वाडीत गर्दी नसणार, तुम्ही ६ घ्या. शेजारी ६ वर असतील तर ११.

सेव्ह केल्यावर अर्धा-एक मिनिट वायफाय जाईल. घाबरू नका. निवडलेला आकडा कागदावर लिहून रूटरच्या पाठीला चिकटवा. कंपनीच्या माणसाने उद्या रूटर ‘रिसेट’ केला तर तो पुन्हा ऑटोवर जाईल आणि तुम्ही पुन्हा मलाच पत्र लिहाल.

आणि नाव गायब असताना तिथे ३ किंवा ९ असा आकडा निघाला, तर माझं चुकलं. तो आकडा कळवा.

प्रश्न : सहा महिने कपाटात पडलेला लॅपटॉप बाहेर काढला. वायफाय जोडलं गेलं, पण कुठलीही साइट उघडली की ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असं येतं. फोनवर सगळं व्यवस्थित. व्हायरस असेल का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : उजव्या कोपऱ्यात खाली बघ. तारीख काय दाखवतोय? बहुधा काही वर्षांपूर्वीची १ जानेवारी. प्रत्येक साइटच्या ओळखपत्राला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. लॅपटॉप जुन्या सालात बसलाय, त्याच्या हिशेबाने ही ओळखपत्रं अजून लागूच झालेली नाहीत, म्हणून तो कोणालाच आत घेत नाही. तारीख-वेळ दुरुस्त कर, साइट उघडतील. चार्जर काढून ठेवल्यावर तारीख पुन्हा मागे गेली, तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय. तो स्वस्तात बदलून मिळतो. व्हायरसच्या नावाखाली कोणी फॉरमॅट मारायला निघालं तर लॅपटॉप उचल आणि घरी ये.

प्रश्न : रंगकाम झाल्यापासून लॅपटॉपवर ‘जोडलेलं, पण इंटरनेट नाही’ असं येतं. भिंतीवरच्या फायबरच्या डबीवर लाल दिवा लुकलुकतो. लॅपटॉपची सेटिंग्ज तीनदा बदलून झाली.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ती सेटिंग्ज होती तशी करून ठेवा, लॅपटॉपचा यात काही दोष नाही. त्या लाल दिव्याखाली ‘एलओएस’ अशी अक्षरं असतील, म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच डबीपर्यंत पोचत नाही. रंगाऱ्यांनी कपाट सरकवताना पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे दाबली गेली आहे का बघा. आत काचेचा धागा असतो, काटकोनात दुमडला की खेळ संपला. कपाट हळूच पुढे घ्या, वायरीला मोठं वळण द्या आणि दिवा हिरवा होतो का ते बघा. नाही झाला तर कंपनीला फोन करा आणि ‘वायफाय चालत नाही’ न सांगता ‘एलओएस लाल आहे’ म्हणा, म्हणजे ते वायर जोडायचं मशीन घेऊनच येतील. तोवर वायरीचं टोक उपसून डोळ्यासमोर धरू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो लेझरचा असतो.