नवऱ्याला देवाचं पाचारण झालंय म्हणे. माझाच विश्वास कमी पडतोय का?

सलाम ताई.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवरा चांगली नोकरी सोडून पूर्णवेळ देवाच्या सेवेत जायचं म्हणतोय. तुम्ही घरभाडं आणि मुलीची बारावी काढली की तो बायबलातल्या इब्री लोकांस पत्राचा 11वा अध्याय उघडतो : अब्राहाम कुठे जातोय हे ठाऊक नसतानाही निघाला. चर्चच्या मंडळीतल्या बायाही सांगतात, विश्वास वाढव. आणि आता तुम्हालाच वाटायला लागलंय की खोट तुमच्यात आहे.

मला तसं वाटत नाही. पण नुसतं 'नाही' म्हणून भागायचं नाही, कारण मी पाळकाची, म्हणजे पाद्र्याची, मुलगी आहे आणि हे आमच्या घरात एकदा होऊन गेलंय.

वडील नगर जिल्ह्यात एका साखर कारखान्यात फिटर होते. कायम नोकरी, कारखान्याच्या चाळीत दोन खोल्या. एका वर्षी नाताळानंतरच्या सभांहून परतले ते गप्प गप्पच होते, आणि पंधरा दिवसांत राजीनामा देऊन मोकळे झाले. आईला ते कळलं नळावर, शेजारच्या काकूंकडून. 'खोल्या कधी सोडताय?' असं काकूंनी विचारलं, आणि आईची कळशी भरून वाहत राहिली. आम्ही तिघं भावंडं, धाकटा अजून रांगत होता. पुढची आठ वर्षं आम्ही एका खेड्यात मंडळीच्या खोलीत काढली. पाळकाचा पगार आला तर आला. कापणीच्या सणाला लोक ज्वारी, बाजरी, एखादी कोंबडी आणून द्यायचे, त्यावर दोन-तीन महिने निघायचे. बाकी सगळं आईच्या शिलाई मशीनवर.

वडिलांचं पाचारण खोटं होतं का? नाही. त्या गावात त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नळावरची ती कळशीही मी विसरलेली नाही. दोन्ही खरं आहे.

आता अब्राहामाकडे. उपदेशात ती गोष्ट एका दमात उरकतात : देव म्हणाला जा, तो गेला. बायबलातलं पहिलं, उत्पत्तीचं पुस्तक एवढ्या घाईत नाही. 11व्या अध्यायाच्या शेवटी अब्रामाचा (अब्राहामाचं आधीचं नाव) बाप तेरहच सगळ्यांना घेऊन ऊर गाव सोडतो, तेही कनान देशालाच जायला, आणि वाटेत हारानला थांबतो. म्हणजे निम्मी वाट बापाने आधीच तुडवली होती. अब्राम पुढे निघतो तेव्हा पंचाहत्तरीचा आहे. आणि तो फकिरासारखा निघत नाही. बायको, पुतण्या लोट, जमवलेली मालमत्ता, हारानात मिळवलेली माणसं, सगळं बरोबर आहे. मुक्काम ठाऊक नव्हता हे खरं. शिदोरी घेतली नव्हती असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आणि त्याला मिळालेलं अभिवचन नीट वाचा. तुझं मोठं राष्ट्र करीन, तुला आशीर्वाद देईन, पृथ्वीवरची सगळी कुळं तुझ्याद्वारे आशीर्वादित होतील. यात तारीख नाही, घराचा पत्ता नाही. उलट कनानात पाय ठेवल्यावर लगेच, त्याच अध्यायात, दुष्काळ पडतो आणि हा मिसरात, म्हणजे इजिप्तात, जातो. तिथे जीव वाचवायला बायकोला म्हणतो, तू माझी बहीण आहेस असं सांग. तिला फारोच्या, तिथल्या राजाच्या, वाड्यात नेतात. पाचारण खरं होतं, आणि पाचारण झालेला माणूस त्याच अध्यायात स्वतःच्या बायकोला असा उघड्यावर टाकू शकत होता. हे बायबलनेच झाकलेलं नाही, तर आपण कशाला झाकायचं? 'देवाने मला बोलावलंय' एवढ्यावरून 'म्हणून मी करीन ते बरोबर' हे निघत नाही.

पुढच्या एका गोष्टीवर मात्र मी बरीच वर्षं अडखळत होते. 12व्या अध्यायात त्याची बायको साराय (पुढे तिचं नाव सारा झालं) कुठे येते? लोट, मालमत्ता आणि माणसांच्या यादीत. अब्रामाने तिला 'घेतलं'. देव तिच्याशी काही बोलला, असं नाही. 15व्या अध्यायात तारे दाखवून संततीचं वचन मिळतं तेही अब्रामाला, आणि तुझ्या पोटचाच वारस होईल म्हणून. आई कोण, ते तिथे सांगितलेलं नाही. मग 16व्या अध्यायात साराय आपली दासी हागार पुढे करते. उपदेशक म्हणतात, बघा, बाईचा विश्वास डळमळला. अहो, पण तोवर तिचं नाव वचनात आलंच कुठे होतं? तिने तेवढ्या माहितीत जे सुचलं ते केलं. त्याचे भोग हागारेला आणि तिच्या मुलाला, इश्माएलला, भोगावे लागले, ते वेगळं आणि वाईटच. पण एका माणसाने ऐकलेलं वचन घरातल्या दुसऱ्या माणसाच्या वाट्याला नुसतं कानगोष्टीसारखं आलं की काय होतं, ते त्या तंबूत दिसतं.

सारेचं नाव घेऊन वचन येतं ते 17व्या अध्यायात, अब्राहाम नव्व्याण्णवचा असताना. आणि 18व्यात, मम्रेच्या झाडांपाशी, ऐन दुपारी तीन पाहुणे येतात. अब्राहाम तिला तीन मापं सपीट मळायला लावतो, वासरू कापतात, जेवणं होतात. मग पाहुणे पहिलंच काय विचारतात? 'तुझी बायको सारा कुठे आहे?' अब्राहामाला हे वचन आधीच मिळालेलं आहे. त्याला परत सांगायची गरज नव्हती. माझ्या मते ती सगळी फेरी तिच्यासाठी होती, तंबूच्या दाराआड उभ्या असलेल्या बाईला स्वतःच्या कानाने ऐकू यावं म्हणून. ती ऐकते आणि हसते. मग भीतीने म्हणते, मी नाही हसले. उत्तर येतं, नाही, तू हसलीसच. एवढंच. शिक्षा नाही, वचनही मागे घेतलं नाही. पोराचं नावच इसहाक ठेवलं, त्याचा अर्थ 'तो हसतो'. हारान सोडल्याला तेव्हा 25 वर्षं झाली होती.

आपल्याकडचंच एक घर सांगते. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या काही त्यांच्या पाठोपाठ ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळे राहिले, मग त्या आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळून. जातपात माणसांनी केलेली आहे हे त्यांच्या स्वतःच्या मनाला पटलं, तेव्हा कुठे 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि टिळकांनी, त्यांच्या तापटपणाच्या सगळ्या गोष्टी मान्य करूनही, ती वाट बघितली. पुढे 1917 मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला, साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला, आणि 1919 मध्ये ते गेले. ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं काव्य 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. ओढून आणलेल्या बाईच्या हातून ते काम झालं असतं, असं मला वाटत नाही.

म्हणून, ताई, तुम्ही प्रश्न विचारताय याला अविश्वास म्हणू नका. 'हे मला मिळेल हे मी कशावरून समजू?' हे अब्राहामाने स्वतः 15व्या अध्यायात विचारलंय, आणि त्याच अध्यायात त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणल्याचंही लिहिलंय. तुला मूल होईल असं दूताने सांगितल्यावर येशूच्या आईने, मरीयेने, विचारलं, हे कसं होईल? देवाने बोलावलं तेव्हा मोशे तर जळत्या झुडपासमोर सबबींवर सबबी सांगत राहिला. शेवटी देवाचा राग भडकला, पण त्याने मोशेला सोडलं नाही, बोलायला सोबत भाऊ दिला.

वचन पुढे करून घाई करणाऱ्याचं मात्र मला भय वाटतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूला मंदिराच्या टोकावरून उडी टाक म्हणून सांगणारा सैतान 91व्या स्तोत्राचंच वचन म्हणून दाखवतो. वचन खरंच होतं, उडी चुकीची होती. तुमच्या यजमानांना सैतान म्हणत नाहीये हं! फक्त तो अध्याय त्यांनी एकदा या डोळ्यांनी वाचावा.

व्यवहाराचं बोलायचं तर नोकरी सोडणं म्हणजेच सेवा, असं कुठेच नाही. प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता आणि शब्बाथाला सभास्थानात बोलत होता. यजमानांना म्हणा, एक वर्ष नोकरी ठेवून करून बघा. संडे स्कूल घ्या, दवाखान्यात आजाऱ्यांना भेटा, जिथे माइक नाही आणि कोणी साक्ष द्यायला बोलावत नाही अशी कामं घ्या. ओढ खरी असेल तर वर्षाने ती विझत नाही, उलट आणखी छळते. या वर्षात मुलीची बारावीही होऊन जाईल. पाळकसाहेबांशी दोघांनी मिळून बोला, त्यांनी एकट्याने नाही. आणि कर्ज असेल तर त्याचा आकडा कागदावर मांडा. देवाला आकड्यांचं वावडं नाही. त्याच्या पुस्तकात अख्खं 'गणना' नावाचं पुस्तक आहे.

अभिवचनावर विसंबणं म्हणजे काय, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. मला त्याचं उत्तर उत्पत्तीच्या 23व्या अध्यायात दिसतं, जिथे देव एक शब्दही बोलत नाही. सारा 127 वर्षांची होऊन हेब्रोनात वारते. सगळा देश ज्याला देऊ केलाय त्याच्यापाशी बायकोला पुरायला जागा नाही. तो हित्ती लोकांपुढे उभा राहतो, मी परका आहे म्हणतो, आणि एफ्रोनाला 400 शेकेल चांदी तोलून देऊन मक्पेलाची गुहा आणि तिचं शेत विकत घेतो. कबरीपुरती जमीन, तीही रोख मोजून. तरी तो हारानला परत जात नाही. इब्री 11 मध्ये तुमच्या यजमानांच्या लाडक्या वचनाच्या पाच ओळी खाली लिहिलंय की ही माणसं वचनांचं फळ हाती न येताच विश्वासात मेली, त्यांनी ते फक्त दुरून पाहिलं. तेवढंही ते वाचत असतील, आणि तरी त्यांना जायचंच असेल, तर मला वाटतं तुम्ही त्यांचं ऐकून घ्यावं.

आणि तुमचं स्वतःचं बोलावणं वेगळं येऊ शकतं, उशिरा येऊ शकतं. आमच्या आईला ते सातव्या वर्षी आलं. गावातली एक बाई बाळंतपणात अडली होती, रात्री वडील दुसऱ्या गावी, तर ती माणसं आईलाच घेऊन गेली. आईने कधी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. त्या रात्री केली, आणि पहाटे बाळ रडल्यावर त्या घरात चहा पिऊन आली. परवा तिला तुमचा प्रश्न वाचून दाखवला. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, 'त्या रात्री मी त्या गावात आले बघ. तोवर मी सामानाबरोबर आले होते.'

वडील पलीकडे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, पण बोलले काही नाहीत.