कडी काढून बाहेर जाणारा मुलगा

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, तो बोलत नाही. आम्ही आनंदवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मिस्टर सातपूर एमआयडीसीत शिफ्टला असतात, घरी सासूबाई आणि मी. गेल्या महिन्यात मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, सासूबाई पूजेला बसल्या होत्या, तेवढ्यात तो कडी काढून गेला. शेजारच्या बांधकामावर हौदाच्या कडेला, पाण्यात हात घालून बसलेला सापडला. आधीही तो सोसायटीच्या टाकीपाशी जायचा. आता दळण आणायला जायचं तरी मी बाहेरून कुलूप लावते. सासूबाई म्हणतात, एकदा चांगला चोप दे. मिस्टर म्हणतात, सोसायटीत कुणाला सांगू नकोस, लोक वेगळ्या नजरेनं बघतील. ताई, मी काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन ठिकाणं आहेत, टाकी आणि हौद. तो वाट फुटेल तिकडे जात नाही. पाणी कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी विशेष शिक्षिका म्हणून इथेच काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या पालकांना पहिलं हेच विचारते : तो कशाकडे जातो, की कशापासून पळतो? काही मुलं मिक्सरच्या आवाजापासून पळतात, काही पाहुण्यांच्या गर्दीतून. तुमचा पाण्याकडे जातो. हे कळलं की अर्धं काम सोपं होतं.

तुमचं लक्ष नव्हतं असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ऑटिझम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर एकदा तरी असं निघून जाण्याचा प्रयत्न केला होता. डोळ्यांत तेल घालून बसलेल्या आयांचीही मुलं जातात. पण अशा निघून गेलेल्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडणं हे सर्वांत मोठं कारण आहे, म्हणून पाण्याचं आधी बोलते.

येत्या सुटीच्या दिवशी मिस्टरांना घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. बांधकामावरचा हौद, लिफ्टसाठी खणलेला खड्डा (पावसाळ्यात तो भरतो आणि कुणाचं लक्ष नसतं), सोसायटीच्या टाकीचं झाकण, गोदावरीकडे उतरणारी पायवाट. हे सगळं कागदावर लिहून दारामागे चिकटवा. टाकीच्या झाकणाला कुलूप हवंच, हौदावर जाळी टाकायला साईटच्या मुकादमाला सांगा. मूल दिसेनासं झालं तर आधी कॉटखाली, कपाटात शोधत बसू नका. एकानं थेट पाण्याकडे धावायचं, दुसऱ्यानं ११२ लावायचा, मग घर शोधायचं. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं असेल त्या दिवसांत तर क्षणभरही थांबू नका.

पोलिसांना पहिल्याच वाक्यात सांगा : ‘त्याला ऑटिझम आहे, बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, पाण्याकडे जातो.’ नाहीतर लोक नाव पुकारत फिरतात आणि तो दहा पावलांवर शांत बसलेला असतो. चोवीस तास थांबा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हरवलेल्या मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही आहे.

आता दार. बाहेरून कुलूप लावून जाणं बंद करा. आत आजी आणि मूल असताना गॅस पेटला तर बाहेर पडणार कसं? कडी आतून, त्याचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बसवा. मात्र सासूबाईंना ती सहज काढता आली पाहिजे. दार उघडलं की वाजणारा बॅटरीवरचा छोटा अलार्म मिळतो, तो लावा. तो येईपर्यंत दाराला घुंगरांची माळ बांधा. गॅलरीला ग्रील आहे ना, तेही बघा.

घरात माणसं जास्त असली की लक्ष वाढतं असं आपल्याला वाटतं. घडतं उलट. तुम्हाला वाटलं आजी आहेत, आजींना वाटलं सून आहे. म्हणून तोंडानं सांगायची सवय लावा : ‘आई, तो आता तुमच्याकडे.’ आणि त्यांनी ‘हो, माझ्याकडे’ म्हटल्याशिवाय कपड्यांची बादली उचलायची नाही. सण, लग्नघर, सिलिंडरवाला आला की दार उघडं राहतं. त्या वेळी तर हे हवंच.

सासूबाईंना माझा निरोप द्या : चोप देऊन तो पाण्याकडे जायचा थांबणार नाही, पण सापडल्यावर मार बसतो हे शिकेल आणि पुढच्या वेळी तुम्हाला बघून लपेल. त्यापेक्षा त्याला पाणी द्या. रोज ठरलेल्या वेळी, तुमच्यासमोर, बाथरूममध्ये टब आणि दोन मग. बादलीचा फोटो काढून कार्ड करा, दाराशी त्याच्या उंचीवर लावा. त्यानं कार्ड आणून हातात दिलं की लगेच पाणी मिळालं पाहिजे, सुरुवातीला दर वेळी. एका मुलाला मी हे शिकवलं तेव्हा तो कार्ड भिंतीवरून ओरबाडून आईच्या पदरात कोंबायचा. ते त्याचं मागणंच होतं, आणि आई ते पुरवायची. ‘थांब’ हा शब्दही खेळात, घरातच शिकवा. रस्त्यावर पहिल्यांदा शिकवता येत नाही. पोहणं जरूर शिकवा, पण पोहता येतं म्हणून नजर काढू नका.

त्याच्या अंगावर तुमचा फोन नंबर हवा. गळ्यातलं कार्ड ही मुलं काढून फेकतात. भांडी बाजारात भांड्यांवर नाव घालून देतात ना, तिथे गुळगुळीत कड्यावर नंबर कोरून मिळतो का विचारा. कडं चालत नसेल तर शर्टाच्या आतल्या पट्टीवर न जाणाऱ्या शाईनं लिहा. जीपीएस घ्यायचं तर सिमकार्डवालं घ्या. ब्लूटूथचं टॅग जवळपास कुणाचा फोन असला तरच ठिकाण सांगतं, नदीकाठच्या झाडीत ते कामाचं नाही. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी त्याला रामकुंडावर अजिबात नेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

राहिलं मिस्टरांचं म्हणणं. त्यांची भीती मला कळते, आणि तरी मी तुमच्या बाजूनं आहे. त्या दिवशी तो तीन मजले उतरून फाटकातून बाहेर गेला. वाटेत कुणी ना कुणी त्याला पाहिलं असेल, पण थांबवायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर त्याच्या फोटोसह एवढंच लिहा : ‘आमच्या मुलाला ऑटिझम आहे. तो बोलत नाही, पाण्याकडे जातो. एकटा दिसला तर ओरडू नका, मागे धावू नका. शांतपणे त्याच्यासोबत राहा आणि या नंबरवर फोन करा.’ मजकूर मिस्टरांनीच टाकला तर उत्तम. वॉचमनला कळवणं मात्र ग्रुपवर सोडू नका. त्याला मुलाला घेऊन प्रत्यक्ष भेटा, आणि तो गावी गेला की बदलीवर येणाऱ्यालाही.